सकाळी नऊचा निरोप संध्याकाळी साडेसहाला का येतो?

वाचकांचे प्रश्न : सर्व्हर, संगणक आणि तत्सम कटकटी

प्रश्न : ताई, आमचं संगमनेरला ठिबक संचाचं दुकान आहे. वेबसाइटच्या फॉर्मवर चौकशी आली की ती गूगल शीटमध्ये पडावी, मला आणि मुलाला टेलिग्रामवर कळावं, आणि कुणी बॉटला ‘यादी’ असं लिहिलं की त्या दिवशीच्या चौकशा समोर याव्यात, एवढंच हवं होतं. यासाठी महिन्याचे पैसे घेणारी एक सेवा वापरत होतो, पण ती कामं मोजून बिल लावायची. म्हणून पुतण्याने उबंटू २४.०४ चा छोटा सर्व्हर भाड्याने घेतला आणि त्यावर डॉकरने (प्रोग्रॅम स्वतंत्र डब्यात चालवणारं साधन) एन८एन, म्हणजे अशी जोडकामं आपोआप करणारी प्रणाली, बसवलं. चालू झालं, पण आयपी पत्ता टाकून उघडलं की सिक्युअर कुकीबद्दल इशारा येतो, तेव्हा पुतण्याने ती तपासणी बंद करून टाकली. गूगल शीट जोडताना रीडायरेक्टचा पत्ता चालत नाही असं गूगल म्हणतं. बॉटकडून टेलिग्रामवर निरोप जातो, पण बॉटला लिहिलेलं इकडे पोचत नाही. आणि चाचणी म्हणून रोज सकाळी नऊला एक ओळ पाठवायला लावली होती, ती संध्याकाळी साडेसहाला येते. पुतण्या म्हणतो सगळं काढून नव्याने बसवू. बसवू का?
(संगमनेरहून एक दुकानदार वाचक)

उत्तर : अजिबात नको. हे वाचून होण्याआधी पुतण्याला फोन लावा आणि कंटेनर (म्हणजे एन८एन ज्यात चालतं तो डॉकरचा डबा) पुसू नको म्हणून सांगा. तुमच्या चारही तक्रारी पुन्हा बसवल्यावर तशाच्या तशा परत येतील, कारण बसवण्यात काही बिघडलेलं नाही. पुसलंत तर मात्र एक गोष्ट जाऊ शकते, आणि ती परत मिळत नाही. आधी तिचं बघू.

एन८एन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा ते स्वतःसाठी एक गुप्त किल्ली तयार करतं. तुम्ही जोडलेली सगळी टोकनं नि पासवर्ड, म्हणजे टेलिग्राम बॉटचं, मेलचं, उद्या गूगलचं, डेटाबेसमध्ये या किल्लीने बंद करून ठेवलेले असतात. किल्ली राहते कंटेनरमधल्या ‘नोड’ या वापरकर्त्याच्या घरात, ‘.एन८एन’ फोल्डरमधल्या ‘कॉन्फिग’ फाइलीत. फोल्डरचं नाव टिंबाने सुरू होतं, त्यामुळे साधी यादी मागितली तर ते दिसतही नाही. डेटाबेसची फाइलही मुक्कामाला तिथेच. हे फोल्डर डॉकरच्या व्हॉल्यूमवर, म्हणजे कंटेनरबाहेरच्या साठवणीत, असेल तर कंटेनर पुसला तरी ते जागेवर राहतं. पुतण्याने आज्ञा टाइप करताना व्हॉल्यूमचा तुकडा गाळला असेल तर सगळा संसार कंटेनरच्या पोटात आहे आणि त्याच्याबरोबरच जाईल.

तपासायला ‘डॉकर इन्स्पेक्ट’ आणि पुढे कंटेनरचं नाव द्या. लांबलचक मजकूर येईल, त्यात ‘माउंट्स’ शोधा. तिथे व्हॉल्यूमचं नाव दिसलं तर जीव भांड्यात पडू द्या. कंस रिकामा दिसला तर ‘डॉकर सीपी’ने ते फोल्डर आधी बाहेर काढून घ्या आणि मगच पुढचं बोला. किल्ली कॉन्फिग फाइलीतून उतरवून कागदावर लिहा, कागद दुकानाच्या गल्ल्यात ठेवा. मी मजेने म्हणत नाहीये. रोजचा बॅकअप घेणारे पुष्कळ भेटतात, पण त्यातल्या बऱ्याच जणांच्या बॅकअपमध्ये डेटाबेस असतो आणि किल्ली नसते. असा डेटाबेस नव्या सर्व्हरवर चढवला की वर्कफ्लो (म्हणजे तुम्ही आखलेल्या कामांच्या साखळ्या) सगळे दिसतात, जोडण्या मात्र एकही उघडत नाही.

आता साडेसहाचं. एन८एनला तुम्ही काही सांगितलं नाहीत तर ते न्यूयॉर्कची वेळ धरतं. सर्व्हर मुंबईत असो की बंगळूरला, त्याचा काही संबंध नाही. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा असतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे गेली असती की हाच निरोप साडेसातला यायला लागला असता, आणि मग तुम्ही दुसरं पत्र लिहिलं असतंत की काहीही न करता बिघडलं. उपाय दोन ओळींचा आहे : ‘जेनेरिक टाइमझोन’ आणि ‘टीझेड’ या दोन्ही चलांना (म्हणजे नाव दिलेल्या सेटिंगना) ‘आशिया/कोलकाता’ ही किंमत द्या. पहिलं एन८एनसाठी, दुसरं कंटेनरच्या घड्याळासाठी. एवढ्यात एक खोच आहे. या ओळी लिहून नुसतं ‘रीस्टार्ट’ केलं तर काही बदलत नाही, कारण कंटेनर ही चलं जन्माला येताना वाचतो. कंपोज फाइल (कंटेनर कसा उभा करायचा ते लिहिलेली फाइल) असेल तर ‘डॉकर कंपोज अप’ पुन्हा चालवावं लागतं, ते जुना कंटेनर मोडून त्याच व्हॉल्यूमवर नवा उभा करतं. (म्हणून व्हॉल्यूमचं आधी बघितलं.) पुतण्याने एका लांबलचक आज्ञेने बसवलं असेल तर ही वेळ साधून सगळं कंपोज फाइलीत आणा. सहा महिन्यांनी ती आज्ञा कुणालाच आठवत नाही. आणि वर्कफ्लोच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही टाइमझोन असतो, तो वरचढ ठरतो. पुतण्याने धडपडीत तिथे काही निवडून ठेवलं असेल तर तेही बघा.

कुकीचा इशारा, गूगलचा नकार आणि टेलिग्रामची मुकी बाजू या तीन तक्रारींचं मूळ एक आहे : तुमच्या सर्व्हरला नाव नाही आणि प्रमाणपत्र नाही. तुम्ही आयपी पत्ता आणि पुढे ५६७८ (एन८एनचं पोर्ट, म्हणजे दाराचा क्रमांक) असं टाकून साध्या एचटीटीपीने उघडताय. लॉगिनची कुकी उघड्या वाटेने जाऊ नये म्हणून एन८एन अडवत होतं. ते बरोबरच होतं, पण इशाऱ्याखालीच तपासणी बंद करायचा मार्ग लिहिलेला असतो आणि सगळे तोच धरतात. पुतण्याने बंद केलेली ती ओळ काढून टाका. गूगल आपल्या परवानगीच्या व्यवहारात नुसता आयपी पत्ता परतीचा पत्ता म्हणून घेत नाही. आणि टेलिग्रामला तुमच्या दारात निरोप टाकायचा असेल तर दार एचटीटीपीएसचंच लागतं, तेही ४४३, ८०, ८८ किंवा ८४४३ याच पोर्टवर. ५६७८ वर तो यायचा नाही. बॉटकडून निरोप जातात कारण तेव्हा तुमचा सर्व्हर टेलिग्रामकडे जातो. उलट दिशेला सगळं अडतं.

दुकानाची वेबसाइट आहे म्हणजे डोमेन आहेच. त्याच्या डीएनएसमध्ये ‘काम’ किंवा ‘ऑटो’ असं काही पुढे लावून एक ‘ए’ नोंद करा आणि ती सर्व्हरच्या आयपीकडे वळवा. मग सर्व्हरवर कॅडी बसवा, तो प्रॉक्सी आहे, म्हणजे बाहेरच्या विनंत्या आत एन८एनकडे पोचवणारा दारवान. एनजिनएक्सही चालतं, पण तिथे वेबसॉकेटसाठीचे हेडर हाताने लिहावे लागतात. ते राहिले की एन८एनच्या संपादकात सारखं ‘कनेक्शन लॉस्ट’ येतं आणि माणूस इंटरनेटवाल्याशी भांडत बसतो. कॅडीच्या फाइलीत पहिल्या ओळीवर तुमचं नाव आणि महिरपी कंस, आत ‘रिव्हर्स प्रॉक्सी’ आणि ‘लोकलहोस्ट ५६७८’, मग कंस बंद. एवढंच. प्रमाणपत्र कॅडी स्वतः आणतो आणि मुदत संपायच्या आत स्वतःच नवं करतो. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं, त्यामुळे हे काम माणसावर न ठेवलेलंच बरं. सर्व्हरवर ८० आणि ४४३ उघडी हवीत. भाड्याच्या सर्व्हरला कंपनीच्या पॅनेलमध्ये एक वेगळी फायरवॉल असते, तीही बघा.

मग एन८एनला त्याचं नवं नाव सांगावं लागतं. तो प्रॉक्सीच्या मागे बसलाय, बाहेर त्याला कोणत्या नावाने ओळखतात हे त्याला दिसत नाही. ‘वेबहुक यूआरएल’ या चलात एचटीटीपीएससकट पूर्ण पत्ता द्या. हे राहिलं तर तो टेलिग्रामला स्वतःचा पत्ता ‘लोकलहोस्ट’ म्हणून कळवतो, आणि टेलिग्राम तो परत पाठवतो.

टेलिग्रामची अजून एक खोड सांगून ठेवते, कारण ही तुम्हाला पुढच्याच आठवड्यात भेटणार आहे. एका बॉटला एकच वेबहुक (निरोप पोचवायचा पत्ता) असतो. वर्कफ्लो चालू ठेवून तुम्ही संपादकात चाचणीचं बटण दाबलंत की एन८एन बॉटला चाचणीचा पत्ता देतं, आणि चालू वर्कफ्लोचा पत्ता पुसला जातो. चाचणी छान होते, तुम्ही खुशीत घरी जाता, आणि रात्री मुलाने ‘यादी’ लिहिलं की बॉट गप्प. चाचणीसाठी बॉटफादरकडून (बॉट काढून देणारा टेलिग्रामचाच बॉट) दुसरा बॉट काढून ठेवा, फुकट मिळतो. आणि गूगलचं असं : क्लाउड कन्सोलमध्ये तुमचं अ‍ॅप ‘टेस्टिंग’ अवस्थेत ठेवलंत तर जोडणी सात दिवसांनी तुटते. दर आठवड्याला शीट बंद पडायला लागली तर एन८एनला दोष देऊ नका. अ‍ॅप ‘प्रॉडक्शन’मध्ये न्या.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत ते. तुम्ही आयपी आणि ५६७८ टाकून घरून उघडू शकता, याचा अर्थ जगातलं कुणीही उघडू शकतं. पुतण्या म्हणेल की यूएफडब्ल्यूमध्ये (उबंटूच्या फायरवॉलमध्ये) ५६७८ बंद केलंय. त्याला दुसऱ्या इंटरनेटवरून, मोबाइलवरूनसुद्धा, उघडून बघायला सांगा. उघडेल. डॉकर पोर्ट बाहेर काढताना आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या वाहतुकीच्या नियमांत) स्वतःचे नियम घालतो, आणि येणारी वाहतूक यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचायच्या आधीच कंटेनरकडे वळते. यूएफडब्ल्यूची स्थिती विचारली तर ते सरळ चेहऱ्याने ‘मनाई’ म्हणून सांगतं. खोटं बोलत नाही ते, त्याला कुणी विचारतच नाही. लिनक्स चांगलं येणारी माणसंही इथे फसतात, कारण ज्या यंत्राने खात्री द्यायची तेच खात्री देतंय. उपाय कंपोज फाइलीत आहे : पोर्टच्या ओळीत ‘५६७८:५६७८’ असेल तिथे पुढे ‘१२७.०.०.१:’ जोडा. मग ते दार सर्व्हरच्या आतल्या बाजूलाच उघडतं. कॅडी आतच आहे, त्याला पुरतं. बदलल्यावर मोबाइलवरून पुन्हा बघा, आता नाही उघडणार.

आणि हे तातडीने का सांगतेय? नव्याने बसवलेल्या एन८एनचं पान जो पहिल्यांदा उघडतो त्याला ते मालकाचं खातं तयार करायला सांगतं. तो तुम्हीच असाल असं नाही. उघड्या पोर्टांवर दिवसरात्र फिरणाऱ्या स्वयंचलित तपासण्या असतात, त्यांना तुमच्या पुतण्याच्या चहाला जायच्या वेळेशी काही देणंघेणं नाही. म्हणून नव्याने बसवायचंच झालं तर क्रम असा : आधी नाव, मग कॅडी, पोर्ट आतल्या बाजूला, आणि मालकाचं खातं त्याच बैठकीत.

बॅकअप रोज रात्री, सर्व्हरच्या बाहेर. एसक्यूलाइटची, म्हणजे एन८एनच्या डेटाबेसची, फाइल चालू असताना नुसती कॉपी करू नका, अर्धवट लिहिलेली मिळू शकते. एन८एनच्या निर्यात आज्ञेने वर्कफ्लो आणि जोडण्या वेगळ्या काढून घ्या, किंवा मिनिटभर कंटेनर थांबवून आख्खं फोल्डर उचला. तुमच्या दुकानाचा मिनिटभर खोळंबा रात्री दोनला कुणाला कळणार नाही. पोस्टग्रेस या मोठ्या डेटाबेसच्या भानगडीत आत्ता पडू नका, तुमच्या कामाला एसक्यूलाइट पुरून उरेल.

अपडेटबद्दल माझं मत जुन्या वळणाचं आहे. मी साखर कारखान्याच्या ईडीपी (संगणक) विभागात होते. गळीत हंगामात वजनकाट्याच्या संगणकाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. बाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागलेली, काटा दहा मिनिटं बंद पडला तर गाडीवान खिडकीशी येऊन उभे राहत. काय दुरुस्त्या करायच्या त्या हंगाम संपल्यावर. एन८एनची नवी आवृत्ती जवळजवळ दर आठवड्याला येते. कंपोज फाइलीत ‘लेटेस्ट’ लिहिलंत तर पुढच्या वेळी नवी प्रतिमा (एन८एनची तयार प्रत) ओढाल तेव्हा काय येईल ते येईल. आवृत्तीचा नेमका आकडा लिहा. महिन्यातून एकदा, सोमवारची गर्दी टाळून, आधी सर्व्हरचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची आख्खी प्रत) घ्या, बदलांची यादी वाचा आणि मग आकडा बदला. नवी आवृत्ती डेटाबेसची रचना बदलून ठेवते, त्यामुळे नुसता जुना आकडा परत लिहून मागे येता येईलच असं नाही. स्नॅपशॉट त्यासाठी. सुरक्षेची दुरुस्ती असेल तेव्हा मात्र महिना बघू नका, त्याच दिवशी करा.

प्रश्न : मी पुण्यात छोट्या क्लासेसना फीची आठवण, प्रवेशाचे निरोप वगैरे कामं एन८एनवर करून देते. आता असा विचार आहे की माझ्याच एका सर्व्हरवर एन८एन ठेवावं, प्रत्येक क्लासला लॉगिन द्यावं आणि महिन्याला ठरावीक पैसे घ्यावेत. ओपन सोर्स आहे म्हटल्यावर हरकत नसावी ना?
(पुण्याची एक वाचक)

उत्तर : हरकत आहे, आणि बरं झालं आधी विचारलंत. एन८एनचा स्रोत सगळ्यांना वाचायला खुला आहे, पण परवाना नेहमीच्या ओपन सोर्सचा नाही. २०१९ मध्ये बर्लिनच्या यान ओबरहाउझर यांनी ते आणलं तेव्हा अपाची परवान्याला विक्रीबंदीची पुरवणी जोडलेली होती. २०२२ पासून त्यांचा स्वतःचा ‘सस्टेनेबल यूज’ परवाना आहे. स्वतःच्या धंद्यातल्या अंतर्गत कामासाठी हवं तेवढं वापरा, एक पैसा द्यायचा नाही. संगमनेरचे दुकानदार निर्धास्त आहेत ते यामुळे. पण एन८एन आपल्या सर्व्हरवर ठेवून त्यात शिरायचे पैसे लोकांकडून घेणं बसत नाही. त्यासाठी कंपनीशी वेगळा करार लागतो.

तुमच्या हातात सरळ मार्ग आहे. प्रत्येक क्लासच्या नावावर त्याचा स्वतःचा सर्व्हर घ्यायला लावा, त्यावर एन८एन बसवून द्या, वर्कफ्लो बनवून द्या, देखभाल करा आणि तुमच्या कामाचे पैसे घ्या. याला परवाना आडवा येत नाही. मला तर धंदा म्हणूनही हेच पटतं. विद्यार्थ्यांच्या पालकांचे फोन नंबर तुमच्या यंत्रावर साठून राहत नाहीत, आणि एका क्लासच्या चुकीच्या वर्कफ्लोने सगळ्यांचं काम बंद पडत नाही. एकाच ठिकाणी सगळ्यांना बसवायचंच असेल तर मोकळ्या परवान्यांची साधनं बघा. नोड-रेड २०१३ मध्ये आयबीएममध्ये सुरू झालं, अपाची परवान्यावर आहे. हगिन त्याच वर्षीचं, एमआयटी परवान्याचं. दोन्हींत एन८एनइतकी तयार जोडणी मिळत नाही, हात जास्त चालवावा लागतो.

प्रश्न : सर्व्हर भाड्याने न घेता घरच्या जुन्या लॅपटॉपवर उबंटू टाकून हे चालेल का? ब्रॉडबँड चोवीस तास असतं.
(रत्नागिरीहून एक शिक्षक)

उत्तर : निम्मं चालेल. ठरलेल्या वेळी बाहेर जाऊन काही आणणं, मेल पाठवणं, निरोप टाकणं, ही कामं लॅपटॉप बिनबोभाट करील. बाहेरून कुणी तुमच्याकडे यायचं असेल, म्हणजे फॉर्मची नोंद किंवा टेलिग्रामचा निरोप, तिथे अडेल. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला असेल तर तुमचा बाहेरचा पत्ता इतर ग्राहकांबरोबर वाटलेला आहे आणि राउटरवर कितीही पोर्ट उघडा, उपयोग शून्य. मग क्लाउडफ्लेअर टनेलसारखी आतून बाहेर काढलेली वाट लागते. ती डोमेन असल्यास फुकट मिळते.

झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो, ते ‘लॉगइनडी’च्या फाइलीत ‘हँडल लिड स्विच’ला ‘इग्नोर’ देऊन थांबवा. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर तग धरेल, राउटर नाही, त्याला छोटा यूपीएस द्या. आणि कायम चार्जिंगला लावलेल्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी फुगते. टचपॅड वर आल्यासारखा वाटला तर त्याच दिवशी बॅटरी काढून टाका.

प्रश्न : एका परीक्षेचा निकाल सरकारी संकेतस्थळावर लागला की लगेच कळावं, एवढ्यासाठी एन८एन बसवू का?
(नागपूर)

उत्तर : एवढ्यासाठी नको. पानावर बदल झाला की कळवणारं ‘चेंजडिटेक्शन’ नावाचं हलकं साधन आहे, तेही डॉकरवर चालतं, ५००० पोर्टवर. आख्ख्या पानावर नजर ठेवलीत तर तळाशी असलेली ‘एकूण दर्शक’ संख्या बदलली तरी निरोप येईल, दिवसभर येत राहील. निकालांची यादी आहे तेवढाच भाग सीएसएस सिलेक्टरने (पानाचा नेमका भाग दाखवणारी खूण) निवडा. यादी जावास्क्रिप्टने भरली जात असेल तर साध्या पद्धतीने पान रिकामं दिसतं आणि सोबत ब्राउझरचा वेगळा कंटेनर लावावा लागतो. एक जीबी मेमरीचा सर्व्हर तिथे धापा टाकतो. दर मिनिटाला तपासू नका. निकालाच्या दिवशी ते संकेतस्थळ आधीच मेटाकुटीला आलेलं असतं आणि तुमचा आयपी अडवला गेला तर निकाल सगळ्यात शेवटी तुम्हालाच कळेल. आणि यालाही पोर्टच्या ओळीत ‘१२७.०.०.१’ जोडा, कारण बसवल्यावर याला पासवर्डच नसतो. सेटिंग्जमध्ये जाऊन तो आधी घाला, नाहीतर तुम्ही कोणकोणत्या पानांवर डोळा ठेवून आहात त्याची यादी कुणालाही वाचता येते, आणि पुसताही येते.